कौलं, झापं आणि काळं पेन

शिंपल्यांची खिडकी कागदावर आणायला तीन प्रकारच्या रेघा पुरतात. आधी उभ्या-आडव्या रेघांची जाळी. ती लाकडी चौकट. मग प्रत्येक घरात, कडांपासून जरा आत, कोपरे गोलावलेला दुसरा चौकोन, तो शिंपला. आणि त्याच्या एका कोपऱ्यातून निघून पसरत जाणाऱ्या दोन-तीन कमानी. शिंपला वाढत गेल्याच्या खुणा. एवढंच. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. पोस्टकार्डाएवढा कागद भरेपर्यंत दुपार कलते आणि मान वर करावीशी वाटत नाही.

गोव्यातल्या जुन्या घरांतून अशा खिडक्या अजून बघायला मिळतात. प्लाकुना प्लासेंटा असं शास्त्रीय नाव असलेल्या शिंपल्याचं चपटं, दुधी कवच कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेलं असतं. काचेसारखं आरपार दिसत नाही, पण उजेड आत येतो, आणि तो डोळ्यांवर येत नाही. मी ज्या खिडकीवरून ही नक्षी बेतली, तिच्यात शेजारशेजारच्या दोन शिंपल्यांतल्या कमानी एकाच दिशेला नव्हत्या. एक डावीकडे उघडणारी, तिच्या खालची उजवीकडे. म्हणून कागदावरही मी दर घरात कोपरा बदलते. त्या एका बदलामुळे सगळी जाळी हलती वाटते.

पेनाने छोट्या छोट्या नक्ष्या पुन्हा पुन्हा काढत बसण्याने मन निवतं, हे आता बरेच जण सांगतात. निवतं ते पुनरावृत्तीमुळे, असंही सांगतात. ते खरंच आहे. पण माझ्या मते त्यातली निम्मी शांतता आधीच येऊन गेलेली असते, नक्षी शोधताना. एखाद्या वस्तूकडे बघत राहायचं आणि विचारायचं: हिच्यात पहिली रेघ कुठली? तिच्यावर दुसरी कुठून टेकते? या प्रश्नाचं उत्तर घाईत मिळत नाही. ते मिळेपर्यंत डोळा त्या वस्तूवरून हलत नाही, आणि डोळा हलला नाही की डोक्यातली चक्रंही मंदावतात. म्हणून मला वाटतं, तयार नक्ष्यांची पुस्तकं जरूर वापरावीत, पण तिथे थांबू नये. आपल्या आसपासचं काढावं.

या प्रकाराला जगभर ओळख मिळाली ती झेनटँगल या पद्धतीमुळे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडप्याने ती गेल्या वीसेक वर्षांत रूढ केली. मारिया सुलेखनकार, रिक काही काळ संन्यस्त राहिलेले. साडेतीन इंचांचा चौरस जाड कागद, त्यावर पेन्सिलीने सैलसर एक रेघ फिरवून पाडलेले भाग, आणि प्रत्येक भागात पेनाने एकेक नक्षी. खोडरबर नाही. कागदाला वरची बाजू नाही, हवा तसा फिरवायचा. मी यातून दोन गोष्टी घेतल्या आणि त्या सोडणार नाही: कागद तळहातात मावेल एवढा, आणि खोडरबर नाही. लहान कागद एका बैठकीत संपतो. खोडायची सोय नसली की प्रत्येक रेघ टेकवण्याआधी क्षणभर थांबणं होतं. हे थांबणं फार मोलाचं आहे.

आपल्याकडे मात्र ही रीत पेनाच्या कितीतरी आधीपासून जमिनीवर होती. चातुर्मासात आई रोज सकाळी तुळशीपुढे गोपद्मं काढायची, तेहतीस. अंगठा आणि तर्जनीतून रांगोळीची धार सुटायची, गाईच्या खुराचे दोन अर्धे समोरासमोर यायचे, की पुढचं पाऊल. पाऊस अंगणात शिरलेला असला तर ओट्यावर. मी लहान असताना विचारलं होतं, "आई, तेहतीसच का? आणि रोज तीच का?" ती म्हणाली, "मोजायचं असलं की दुसरं काही मनात येत नाही. तू ये, शेवटची तीन तू काढ." त्या शेवटच्या तीन पावलांवर माझा हात बसला. आजोबांची लिखित जपाची वही होती. रेघा मारलेल्या पानांवर एकच नाम, ओळीखाली ओळ, वेलांट्या एकाखाली एक येतील अशा बेताने लिहिलेलं. लांबून ते पान नक्षीचं वाटायचं. नाम देवाचं होतं, आणि मी त्याला चित्रकला म्हणणार नाही. पण हाताला एक ठरलेलं काम देऊन मनाला मोकळं करायचं, ही जाण त्या दोघांकडेही होती, कुणी पद्धत म्हणून शिकवलेली नसताना.

खोडरबर नसण्याची गोष्ट निघालीच आहे तर कावीबद्दल लिहायलाच हवं, कारण माझ्या वहीतल्या निम्म्या किनारी तिथून आल्या आहेत. कोकणपट्टीत, गोव्यात आणि खाली कारवार-कुमठ्याकडे जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगात ही कला दिसते. पेडण्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात आहे. आधी भिंतीला चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा थर. तो ओलसर आहे तोवर टोकदार हत्याराने आणि कंपासने खरवडायचं. खरवडलं तिथे खालचा पांढरा चुना दिसतो, राहिलं तिथे तांबडं. म्हणजे रेघ घालायची नाही, काढून घ्यायची. गिलावा वाळत चाललेला, वेळ मोजका, आणि एकदा उचललेली माती पुन्हा चिकटत नाही. अशा भिंतीवर वर्तुळात वर्तुळं, त्यांच्या छेदांतून उमटणाऱ्या पाकळ्या, साखळ्यांच्या पट्ट्या कारागिरांनी हातभर, दोन हात, भिंतभर ओढल्या आहेत. मी जवळ जाऊन बघते तेव्हा प्रत्येक पाकळी शेजारणीपेक्षा किंचित वेगळी असते. कुठे टोक जास्त अणकुचीदार, कुठे पोट जरा फुगलेलं. लांबून पट्टी एकसंध दिसते. पेनाच्या नक्षीतही हेच साधायचं असतं. प्रत्येक घटक तंतोतंत सारखा काढायचा हट्ट धरला तर हात आखडतो. क्रम सारखा ठेवला की पुरे.

आता कौलं. नक्षी कशी घडते हे दाखवायला मला यांच्याइतकं चांगलं उदाहरण माहीत नाही. इथे यंत्रावर दाबलेली मंगळुरी कौलं सर्रास दिसतात. बासेल मिशनने मंगळुरात 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ती किनाऱ्याभर पसरली. पण मला हवी आहेत त्याआधीची, कुंभाराने घडवलेली नळीची अर्धगोल कौलं. गोठ्यांवर, जुन्या देवळांच्या पडवीवर ती अजून टिकून आहेत. पागोळ्यांच्या बाजूने उभं राहून वर पाहिलं की नुसत्या कमानी दिसतात, ओळीवर ओळ.

पहिली पायरी: एका आडव्या रेघेखाली लटकणाऱ्या कमानींची ओळ, एकीचा शेवट तिथे दुसरीची सुरुवात. दुसरी ओळ खाली, पण अर्ध्याने सरकवून. वरच्या कमानीच्या पोटातून खालचीचं टोक निघतं. सरकवणं विसरलं तर कौलं राहत नाहीत, नुसते झालर लावलेले पडदे होतात. तिसरी पायरी: प्रत्येक कमानीच्या आत तिच्याशी समांतर दुसरी कमान. झेनटँगलवाले अशा सोबतीच्या रेघेला ऑरा म्हणतात. मी प्रतिध्वनीची रेघ म्हणते. चौथी: दोन कमानी भेटतात तिथली बारीक त्रिकोणी फट काळी करायची. इथे नक्षी जिवंत होते. काळ्या फटी पडल्या की सपाट कमानी एकमेकींवर चढलेल्या वाटू लागतात.

हे चार टप्पे मी वहीत चार छोट्या चौकोनांत काढून ठेवते. पहिल्यात पहिली पायरी, दुसऱ्यात पहिली आणि दुसरी, असं. पुढे कधीही वही उघडली तरी नक्षी परत हातात येते. टप्पे चाराच्या पुढे गेले तर मी त्या वस्तूकडे पुन्हा बघते, बहुतेक वेळा एखादी रेघ नको असते.

नक्षी चांगली उतरली का, हे मी दोन गोष्टींवरून ओळखते. तीन-चार ओळी झाल्या तरी पुढची पायरी आठवावी लागत असेल, तर ती जड आहे. मन क्रमातच अडकून पडतं. उलट, हात भरभर पळायला लागला, रेघा सुटत चालल्या, मन बाजाराच्या यादीवर गेलं, तर ती फार हलकी आहे. तिच्यात एक प्रतिध्वनीची रेघ घालावी, वेग आपोआप खाली येतो. या दोन टोकांच्या मधली जागा प्रत्येकाची वेगळी. नक्षी बेतणं म्हणजे बरंचसं ती जागा शोधणं.

हाताबद्दल थोडं. पेन घट्ट धरू नये, बोटांची कातडी पांढरी पडली तर पकड सैल करावी. रेघ शक्यतो आपल्याकडे ओढावी, पलीकडे ढकलू नये. ओढलेली रेघ स्थिर येते. त्यासाठी कागद फिरवत राहायचं. समांतर रेघा काढताना डोळा पेनाच्या टोकावर ठेवला तर अंतर कमीजास्त होतं. डोळा मधल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावा, तिची रुंदी सांभाळावी, रेघ आपली आपण जागेवर येते. हे कळल्यावर माझं काढणंच बदललं. मी काळं काढते आहे असं आता वाटत नाही; पांढरं जपते आहे असं वाटतं. लांब रेघ श्वास सोडताना घ्यावी. मुद्दाम मोजायचं काही नाही. छातीत भरून धरलेला श्वास रेघेत लगेच दिसतो.

काही भर द्यायचा असेल तर शेवटी साधी पेन्सिल. कौलाच्या वरच्या अंगाला, जिथे ते वरच्या ओळीखाली जातं, तिथे शिसं हलकेच फिरवून बोटाने पसरवायचं. बास.

साहित्य अगदी थोडं लागतं, पण गोव्यात पावसाळा हा साहित्याचाच भाग आहे. इथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, तिथे कागदाचं काय. ओल प्यायलेल्या कागदावर पातळ शाई धाग्याधाग्याने पसरते, बारीक जाळीची घरं बुजून जातात. तंतूंच्या केशाकर्षणाने शाई ओढली जाते, आणि ओलाव्याने कागदाची खळ मऊ पडली की ती ओढ वाढते. म्हणून मी पावसाळ्याचे कागद आधीच कापून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकते. काढायला घेताना एका वेळी एकच कागद बाहेर.

पेन रंगद्रव्याच्या शाईचं असावं. साकुरा या जपानी कंपनीचं पिग्मा मायक्रॉन बहुतेक जण वापरतात. 01 क्रमांकाची रेघ पाव मिलिमीटर जाड असते, आणि शाई एकदा वाळली की पाण्याने हलत नाही. पण ते महाग वाटत असेल तर अडून बसू नये. साधं बॉलपेन पावसात फार इमानदार असतं. त्याची शाई घट्ट, तेलाची, ओल्या हवेतही पसरत नाही. शिवाय दाब कमीजास्त केला की रेघ फिकी-गडद होते, मायक्रॉनमध्ये ते मिळत नाही. झापांची नक्षी मी बॉलपेननेच काढते.

झापं म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेली आवरणं. पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना, न्हाणीघराला, लाकडांच्या रचलेल्या ढिगाला ती बांधायची. आता प्लॅस्टिकच्या निळ्या ताडपत्र्या जास्त दिसतात, तरी गावांतून कुठेकुठे पात्यांची वीण बघायला मिळते. कागदावर ती सोपी करून घ्यायची: तीन उभ्या रेघांचा गठ्ठा, शेजारी तीन आडव्या रेघांचा, पुन्हा उभ्या. खालच्या ओळीत उलट. सगळ्या रेघा आखूड, पेराएवढ्यासुद्धा नाहीत.

ही नक्षी मी आमच्या वाड्यावरच्या एका वयस्क काकांना शिकवली. त्यांचा हात कापतो. सही करायला बँकेत जायचं म्हणजे त्यांना संकट वाटतं. संध्याकाळी बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसलो असताना त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि म्हणाले, "बाय, मला जमायचं नाही हे. ही बघ, पहिलीच रेघ नागमोडी गेली." मी म्हटलं, "काका, पुढचीही तशीच जाऊ द्या. झावळी कुठे सरळ असते?" त्यांनी अख्खा कागद भरला. कापऱ्या हाताच्या त्या रेघांत माडाच्या पात्याची जी शीर आली, ती माझ्या सरळ रेघांत नाही. आखूड रेघ कापायला लागायच्या आत संपते, हे त्यांनीच शोधून काढलं, आणि तेव्हापासून ते लांब रेघांच्या नक्ष्या आखूड तुकड्यांत मोडून काढतात. नक्षी माणसाच्या हाताप्रमाणे बदलू द्यावी, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

याने खरंच काही होतं का, असं विचारणाऱ्यांना मी दोन अभ्यास सांगते. दोन्ही छोटे आहेत आणि त्यांच्यावर फार इमले चढवू नयेत. ब्रिटनमधल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2009 मध्ये 40 जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार भरायला सांगितलं होतं. नंतर अचानक घेतलेल्या परीक्षेत आकार भरणाऱ्यांना 29 टक्के जास्त आठवलं. म्हणजे हात गुंतला म्हणून कान बंद होत नाहीत, उलट मन भरकटण्याची वाट अडते. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या करी आणि कॅसर यांचा, 2005 मधला. आधी विद्यार्थ्यांच्या मनात चिंता जागी केली, मग काहींना मंडल, काहींना चौकडी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. मंडल आणि चौकडीवाल्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली.

मला यातली चौकडी फार आवडते. मंडलाभोवती अध्यात्माचं वलय असतं, त्याने शांत वाटलं तर कुणाला नवल नाही. पण चौकडी? ती तर कुणबी लुगड्यावर आहे, तांबड्यावर पांढऱ्या रेघांची, शेतात कमरेला खोचून वापरायची. वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणकरांकडून करवून घेतली आणि फॅशनच्या मंचावर नेली, त्याआधी कितीतरी पिढ्या ती चिखलात उभी राहून लावणी करत होती. कोरा कागद प्रत्येक क्षणी विचारतो, आता काय? चौकडी तो प्रश्न एकदाच सोडवते आणि पुढे सोबत करते. चिंतेने दमलेल्या माणसाला आणखी निर्णय नको असतात.

एकाच तुकड्यातून किती निघू शकतं, हे बघायचं तर जुन्या घरांतल्या नक्षीच्या फरशा बघाव्यात. एका फरशीवर कोपऱ्यात नुसता पाव वर्तुळाचा तुकडा असतो, चार फरशा जवळ आल्या की गोल पूर्ण होतो. तीच फरशी फिरवून लावली तर गोल उघडतात आणि नागमोडी वाट तयार होते. सेबास्तियाँ त्रुशे या फ्रेंच पाद्र्याने 1704 मध्ये तिरप्या रेषेने दुभागलेल्या फरशीचं असं गणित मांडलं होतं. पाव वर्तुळांची आवृत्ती सिरिल स्मिथ यांनी 1987 मध्ये त्यात आणली. घरी करून बघायला सोपं आहे. चौकोनांची जाळी काढा, प्रत्येक घरात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती पाव वर्तुळ काढा, कुठले दोन कोपरे हे नाणं उडवून ठरवा. कागद भरल्यावर जे दिसतं ते आधी कुणालाच माहीत नसतं, काढणाऱ्यालाही. मुलांना हे फार आवडतं. माझी भाची तर नाणं उडवायलाच बसते आणि रेघा मला काढायला लावते.

सुपारी आडवी कापली की पांढऱ्यात तपकिरी शिरा आत शिरलेल्या दिसतात. बाहेरून मध्याकडे जाणाऱ्या, वाटेत फुटणाऱ्या. तिची नक्षी आहे. रापणीच्या जाळ्याची आहे. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला ओळीने बांधलेल्या फळांची एक आहे, चवथीच्या गडबडीत घाईने टिपलेली, तिच्यावर अजून काम व्हायचं आहे.

सध्या मी चोडण बेटावरच्या खारफुटीपाशी अडले आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की ओहोटीला चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसतात, बोटभर उंचीची, शेकड्यांनी. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढतं. आधी मुळं काढून मागून पाण्याच्या आडव्या रेघा न्यायच्या, की आधी पाणी आणि त्यात मुळांसाठी जागा सोडायची? पहिल्या क्रमात मुळं ठसठशीत येतात पण पाणी तुटक होतं. दुसऱ्यात पाणी वाहतं, मुळं मात्र दबतात. तिसरा एक क्रम सुचतो आहे: मुळाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याची रेघ किंचित वर उचलायची, प्रत्यक्षात पाणी टेकतं तशी. त्यात रेघ न तोडता थांबावं लागतं, मुळापाशी वळावं लागतं आणि पुन्हा आडवं व्हावं लागतं. हात अजून त्या वळणाला सरावतो आहे. कुणी आधी बेतली असेल तर तुमचा क्रम मला बघायला आवडेल, आणि नसेल तर ओहोटीची वेळ बघून एकदा जाऊन या, छोटा कागद घेऊन.